उतरलेलं अंग

पायगुडे सर दारातून जरा तिरके होऊन आत यायचे. जिमचं दार तसं काही अरुंद नव्हतं. पण कधीतरी, कुठल्यातरी चौकटीला त्यांचे खांदे घासले असणार आणि तेव्हापासून त्यांनी सगळ्याच दारांशी तडजोड करून टाकली होती. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात आलं, हा माणूस माझा गुडघा बरा करणार नाही, उपटून हातात देणार.

गुडघा माझा. शाळेत फळ्यासमोर उभं राहून गणित शिकवण्यात माझा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले, मांडीचे स्नायू बळकट करा, नाहीतर ऑपरेशन. बिबवेवाडीत आमच्या सोसायटीसमोर चपलांचं दुकान आहे आणि त्याच्या वर जिम. रस्ता ओलांडायचा आणि जिना चढायचा, एवढंच. माझ्या वयाची त्या जिन्यावरून जाणारी मी एकटीच असेन.

मी गेले की पायगुडे गाण्यांचा आवाज कमी करायचे. पोरं कुरकुरायची. एकदा कुणीतरी विचारलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडमचा गुडघा ऐकायला लागतोय." आणि खरंच ते खाली बसून गुडघ्याजवळ कान नेत. कट् आवाज आला की थांबवत. त्यांचा स्वतःचा आवाजही बारीक होता; एवढ्या प्रचंड देहाला इतका बारीक आवाज कसा, याचं मला कायम नवल वाटे. मी घाई केली की म्हणत, "सावकाश मॅडम. गुडघा हाय, घोडा न्हाय." आणि मी कंटाळून आज नकोच म्हटलं की एकच उत्तर, "होतंय की."

ते खडकवासल्याकडचे. घरची शेती होती, तिच्यावर आता प्लॉट पडले होते. भावानं टेम्पो घेतला आणि यांनी अंग कमावलं. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धांमध्ये त्यांना बक्षिसं मिळाली होती आणि ते चषक जिमच्या काउंटरवर, सॅनिटायझरच्या बाटलीशेजारी उभे असायचे. सकाळी ते उकडलेली अंडी खायचे, फक्त पांढरं. पिवळं जिन्यातल्या कुत्र्याला. ते कुत्रं इतकं सुटलं होतं की एक दिवस मी म्हटलं, त्यालाही मांडीचे व्यायाम सांगा. पायगुडे मनापासून हसले. हसताना ते तोंडावर हात धरायचे, नव्या नवरीसारखा.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या महिन्यातच खटकली. जिममध्ये चारही भिंतींना आरसे. बाकीची पोरं आरशासमोर ठाण मांडून बसायची. पायगुडे तसं करत नसत. ते जाता-जाता प्रत्येक आरशात डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा बघून घेत. गॅस बंद केलाय ना, हे आपण घरातून निघताना जसं पाहतो, तसं. आणि मधेच एखाद्याला हळूच विचारत, "बारीक दिसतोय का रे?"

मला एकदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "अहो पायगुडे, तुम्ही बारीक दिसत असाल तर मी दिसतच नसेन."

ते हसले नाहीत. पुढच्या आरशात पाहून आले.

पोरं त्यांच्याशी कुजबुजत 'सायकल' बद्दल बोलायची. सरांची सायकल चालू आहे, सरांची सायकल संपली. मला वाटे, माणूस घरून सायकलने येत असेल. एक दिवस मी कौतुकाने म्हटलं, अजून सायकल चालवता हे छान आहे, हृदयाला चांगलं. सगळी जिम एकदम गप्प झाली, मग एक जण फसकन हसला. पायगुड्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ती सायकल म्हणजे इंजेक्शनांचा फेरा असतो, काही आठवडे टोचून घ्यायची आणि मग थांबायचं, हे मला पुढे कळलं. पायगुडे थांबत नव्हते, हे त्याच्याही पुढे.

उन्हाळ्याच्या सुरुवातीची सकाळ होती. मी जिना चढत होते आणि मधल्या वळणावर पायगुडे बसले होते. भिंतीला डोकं टेकलेलं, नाकातून रक्त, टी-शर्ट घामाने चिकटलेला. शेजारी कुत्रं. मी हाक मारली तर त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"वर सांगू नका," ते म्हणाले. "छातीत कायतरी फडफडतंय. कबूतर अडकल्यासारखं."

त्यांना उठवणं मला एकटीला शक्य नव्हतं. चपलांच्या दुकानदाराला बोलावलं, दोघांनी मिळून रिक्षात घातलं. रिक्षात त्यांनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की नंतर तिथे वळ उठला. मला आठवतं, मी त्यांच्या मांडीकडे बघत होते. ओंडक्यासारखी मांडी आणि ती थरथरत होती.

हॉस्पिटलात हृदयाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी छातीचा इको काढला, रक्त तपासलं, आणि काय घेता म्हणून विचारलं. पायगुडे म्हणाले, ताकदीचं. कुठलं ताकदीचं, असं बाईंनी विचारलं तेव्हा ते छताकडे बघायला लागले. मी बाहेर जायला उठले.

"असू द्या मॅडम," ते म्हणाले. "कुणालातरी म्हाईत पायजे."

मग त्यांनी सांगितलं. प्रोटीनच्या पावडरी विकणाऱ्या एका दुकानातला माणूस इंजेक्शनं आणून देई. सुरुवात एका स्पर्धेपुरती होती. स्पर्धा संपली, पण अंग कमी होईल या भीतीनं ते घेतच राहिले. किती वर्षं, हे त्यांनी दोनदा मोजलं आणि दोनदा वेगळं उत्तर आलं.

बाई ओरडल्या नाहीत. शांतपणे सांगितलं की हृदय सुजलंय, त्याचं पंपिंग निम्म्याच्याही खाली आलंय, रक्त दाट झालंय. इंजेक्शनं आजपासून बंद. शरीर स्वतःचं हार्मोन बनवायचं विसरून गेलंय, त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागेल. औषधं नेमाने घेतली तर हृदय पुष्कळसं सुधारू शकतं, पण खात्री देता येणार नाही.

पायगुड्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"अंग उतरंल का?"

"उतरेल," बाई म्हणाल्या.

तेव्हा त्यांचा चेहरा पडला. हृदयाबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. या माणसाला मरणाहून मोठी भीती दुसरीच आहे, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

अंग उतरलं. आधी खांदे, मग मान. एखादी भिंत पावसाळ्यात आतून ओली होत जावी आणि एक दिवस पोपडे पडायला लागावेत, तसं. ऐन मे महिन्यात ते आत दोन टी-शर्ट आणि वर जॅकेट घालून जिममध्ये यायला लागले. घामाच्या धारा लागायच्या, पण जॅकेट काढत नसत. छातीही मऊ पडून लोंबत होती, त्याची त्यांना लाज वाटे. कुणाशी बोलत असले तरी दोन बोटं मनगटावर. नाडी बघायची, मग मान हलवायची, मग पुन्हा बघायची. समोरचा माणूस बोलता-बोलता थांबून त्यांच्या मनगटाकडे बघायला लागे.

त्यांची बायको शीतल. एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असायची. त्या रिक्षातल्या प्रसंगानंतर ती माझ्याकडे येऊ लागली. मला काकू म्हणायची. यायची, चहा घ्यायची, कप हातात धरून बसायची. तिच्याकडून कळत गेलं की ते आता दिवा लावून अंघोळ करत नाहीत, कारण न्हाणीघरात आरसा आहे. टीव्हीवर काहीही लागलं तरी रडतात. झोपायला घाबरतात, आणि उठायलाही.

एक दिवस ती आली ती चहा नको म्हणाली.

त्यांना मूल नव्हतं. सासरच्यांनी, शेजारच्यांनी, सगळ्यांनी तो दोष तिच्या पदरात टाकलेला. तिनं तपासण्या केल्या, गोळ्या खाल्ल्या, सोमवार केले. आणि आता हार्मोनच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या इंजेक्शनांनी पुरुषाचं बीजच आटतं. कधी परत येतं, कधी येत नाही.

"त्यांना माहीत होतं, काकू," शीतल म्हणाली. "तो दुकानवाला म्हणाला होता, बंद केलं की येतं परत. म्हणून गप्प बसले. मी सुया टोचून घेत होते आणि हे शेजारी बसून माझा हात धरत होते."

ती कोथरूडला माहेरी निघून गेली. मला वाटलं, संपलं. पण एका सकाळी गॅलरीतून पाहिलं तर ती रस्त्यावरून बॅग घेऊन येत होती. नंतर तिनंच सांगितलं, "माफ केलं म्हणून नाही आले. एकटे मरतील म्हणून आले."

जिमच्या मालकानं तोवर पायगुड्यांना काउंटरवर बसवलं होतं. ट्रेनर ट्रेनरसारखा दिसायला हवा, असं त्याचं म्हणणं. वाईट बोलला नाही, सरळ सांगितलं. त्याच आठवड्यात पावडरवाला येऊन गेला. एकच बाटली घ्या सर, महिन्याभरात जुने पायगुडे परत, असं म्हणाला. पायगुड्यांनी ती घेतली नाही. पण 'नाही' हा शब्द उच्चारल्यावर ते काउंटरवर डोकं टेकून बराच वेळ तसेच बसून राहिले, असं त्या कुरकुरणाऱ्या पोरांपैकीच एकानं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. शीतलचा फोन आला. सकाळपासून ते घरात नव्हते. मोबाइल उशाशी ठेवलेला, औषधांचा डबाही घरीच. आदल्या संध्याकाळी म्हणाले होते, तुला माझ्यापासून सुटका पाहिजे ना. तिनं गावाला दिराला फोन केला, तिकडेही नव्हते. शेजारच्या एकानं त्यांना खडकवासल्याच्या बसमध्ये चढताना पाहिलं होतं.

मी तिच्या स्कूटरवर मागे बसले. सिंहगड रस्त्याला रविवारची गर्दी. तिच्या पाठीचे स्नायू माझ्या हाताखाली ताठ झालेले कळत होते.

धरणाच्या काठी जत्राच होती. कणसं भाजत होती, भजी तळली जात होती, लोक पाण्याकडे पाठ करून फोटो काढत होते. आमच्याखेरीज कुणालाच त्या पाण्याची भीती वाटत नव्हती. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि परत आलो. एका ठिकाणी खाली पाण्याजवळ माणसं घोळका करून उभी होती. शीतल थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे तुम्ही जाऊन बघा. मी उतरणीवरून घसरत, हात टेकत निघाले.

आणि बाजूने आवाज आला. बारीक.

"मॅडम, तिरकं उतरा. गुडघा दुखंल."

ते उजवीकडे दगडावर बसले होते. त्या दगडाजवळून आम्ही दोनदा गेलो होतो. आम्ही दोघी जुन्या पाठीचा माणूस शोधत होतो. ही सदरा लोंबणारी, पोक काढलेली पाठ शीतलनंसुद्धा ओळखली नव्हती. खालच्या घोळक्यात कुणीतरी मासा धरला होता, एवढंच.

मी वर बघून शीतलला हाक मारली. शीतल धावत आली आणि त्यांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरून उभी राहिली. रडली नाही. नुसती बाही धरून.

पायगुडे पाण्याकडे बघत म्हणाले, "सकाळधरनं बसलोय. आत जायची भीती वाटत व्हती. आन् घरी यायची पण."

"आता कशाची वाटतेय?" मी विचारलं. का विचारलं माहीत नाही.

त्यांनी तिच्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हिनं बाही सोडली तर."

तिनं सोडली नाही. रिक्षात बसेपर्यंत नाही. मी स्कूटरपाशी थांबले आणि शीतलचा भाऊ येऊन स्कूटर घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी त्यांना मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. या औषधांमागे हे असं होतंच, असं त्या डॉक्टरांनी सांगितलं. बाहेरचं हार्मोन बंद झालं आणि आतलं सुरू झालेलं नसलं की अंगाबरोबर मनही उतरतं. तो दुबळेपणा नाही, आजार आहे, आणि त्याला औषध आहे. काही दिवस त्यांना एकटं सोडू नका, असंही बजावलं. शीतलनं रजा काढली. दुपारी ती भाजीला गेली की मी जाऊन बसायची. पायगुडे माझ्याकडून गुडघ्याचे व्यायाम करवून घेत. तेवढा वेळ त्यांची बोटं मनगटावरून निघायची.

सुधारणा अशी डोळ्यांना दिसत नव्हती. कधी आठवडाभर बरं असे, मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपत. पुढच्या इकोला पंपिंग थोडं वाढलं, त्याच्या पुढच्याला वाढलं नाही. प्रत्येक तपासणीआधी घरात सुतक असल्यासारखं वातावरण. मुलाबद्दल डॉक्टर आजही काही ठाम सांगत नाहीत. पण एक दिवस ते न्हाणीघरातून बाहेर आले आणि शीतलला म्हणाले की बल्ब गेलाय, नवा आणायला पाहिजे. ती माझ्याकडे येऊन हे सांगताना पहिल्यांदा रडली. दिवा लावल्याशिवाय बल्ब गेल्याचं कळत नाही.

पुढे एका व्यायामोपचार केंद्रात त्यांना काम मिळालं. म्हाताऱ्यांचे खांदे, गुडघे. तिथे ट्रेनर कसा दिसतो याची कुणाला पर्वा नव्हती.

मला वाटलं, भीतीचं पर्व संपलं. पण खरी भीती त्यांनी तोवर सांगितलीच नव्हती. एका दुपारी व्यायाम थांबवून म्हणाले, "मॅडम, त्या दुकानवाल्याचा नंबर मी तीन पोरांना दिलाय."

ती तिन्ही पोरं जिममधली, त्यांना सर मानणारी. पायगुडे दोघांना जाऊन भेटले. हे दोघं बिबवेवाडीतलेच. सदरा वर करून उतरलेलं अंग दाखवलं, इकोत काय निघालं ते सांगितलं, शीतलबद्दलसुद्धा सांगितलं. एकानं सुरुवातच केली नव्हती. दुसरा घाबरला आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे गेला.

तिसरा अनिकेत. सॉफ्टवेअरवाला, हिंजवडीला हॉस्टेलवर राहायला गेलेला. फोन उचलत नव्हता. पायगुडे दोन बस बदलून हिंजवडीला गेले आणि त्याच्या कंपनीच्या फाटकाबाहेर, कंपनीच्या बसगाड्यांच्या धुरात उभे राहिले. अनिकेत समोरून गेला, ओळखलं नाही. हाक मारल्यावर थांबला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुमच्या टायमाला नॉलेज नव्हतं. मी सगळं वाचून, टेस्ट करून घेतो. डोंट वरी." आणि पाठीवर थाप मारून गेला. त्या थापेनं ते पुढे ढकलले गेले, असं त्यांनीच मला सांगितलं. हे सांगताना ते हसले नाहीत.

त्यानंतर ते सुट्टीच्या दिवशी हिंजवडीला जात. मी एकदा म्हटलं, अहो, तो ऐकत नाही, तुमच्या हृदयाला हे दगदगीचं काम झेपणार आहे का?

"बोलत न्हाय मी आता," ते म्हणाले. "नुसता उभा राहतो. त्याला दिसलो पायजे."

पोरगं रस्त्याच्या पलीकडून जायला लागलं होतं. एकदा त्यानं सिक्युरिटीवाल्याकडून यांना हटकायला लावलं. पायगुडे दहा पावलं मागे सरकले आणि तिथे उभे राहिले. घरी आले की ताप भरल्यासारखे गप्प असत. शीतल म्हणायची, स्वतःच्या छातीत कबूतर होतं तेव्हासुद्धा हे इतके घाबरले नव्हते.

मग माझी मुलगी बाळंतपणाला आली, मी नातवात गुंतले आणि आमच्या भेटी विरळ झाल्या.

गेल्या महिन्यात रक्तदाबाच्या तपासणीसाठी त्याच हॉस्पिटलात गेले होते. हृदयाच्या विभागाबाहेर बाकांवर गर्दी. कोपऱ्यात पायगुडे दिसले. शेजारी एक मुलगा, अंगाला तटतटलेला टी-शर्ट, दंडावरच्या शिरा दोरीसारख्या. त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि त्याला श्वास पुरत नव्हता. त्याचं हेल्मेट पायगुड्यांच्या मांडीवर होतं. मी जवळ गेले. पायगुड्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी किंचित मान हलवली, म्हणजे आत्ता काही विचारू नका.

नर्सनं अनिकेतचं नाव पुकारलं. तो उठला नाही. तिनं पुन्हा पुकारलं.

"सर, तुम्ही आत याल?" त्यानं विचारलं. शाळेतल्या पोराचा आवाज होता तो.

"हाय ना," पायगुडे म्हणाले. त्यांनी हेल्मेट बाकावर ठेवलं, त्याच्या काखेत हात घातला आणि त्या दुप्पट देहाला उभं केलं. त्यांच्या स्वतःच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली. दोघं हळूहळू आत गेले आणि दार लागलं.

तेवढ्यात समोरच्या खोलीतून माझा नंबर आला. माझा रक्तदाब अर्थातच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी कारण विचारलं, मी जिना म्हणून सांगितलं. बाहेर आले तर कोपऱ्यातला बाक रिकामा होता. हेल्मेट तसंच होतं. म्हणजे दोघं अजून आतच होते.

कुणीतरी बसायला आलं तेव्हा मी ते हेल्मेट उचललं, मांडीवर घेतलं आणि दाराकडे तोंड करून बसले.